मिर्वाचं उत्तर

गेरार्दकाका कुबिशिन गेले, आणि त्यांच्या मिर्वाच्या तोंडी मी माझे शब्द घुसडले म्हणून लोक मला शिव्या घालतायत. घालू देत. त्यांतल्या एकानं तरी काकांच्या स्वयंपाकघरात बसून लाल कोबी खाल्लाय का? मी खाल्लाय, म्हणून सांगते.

काका झाब्झ्याच्या कोळसा खाणीत पाळणा चालवायचे. पाळीची माणसं खाली सोडायची, पाळी संपली की वर काढायची. बोललं की लक्ष उडतं, म्हणून दिवसभर तोंड बंद, आणि ती सवय त्यांनी घरीही आणली. ट्रूडाकाकू बोलायच्या आणि काका ऐकायचे, असा त्यांचा संसार. निवृत्त झाल्यावर मुलीच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांना तो गेम सापडला. तलवारी, जादूटोणा, राक्षस, आणि सहा जणांची टोळी घेऊन रानोमाळ हिंडायचं. गेम तेव्हाच म्हातारा झाला होता. पण आमच्या पोलंडात त्याच्यावर जीव टाकणारे वेडे अजून आहेत. गेमबरोबर आलेले सोबती त्यांना पुरत नाहीत, म्हणून ते स्वतःच नवे घडवतात. चेहरा काढायचा, आवाज भरायचा, वाटेनं चालताना तो सोबती काय काय बोलेल ते लिहायचं, आणि द्यायचा गेममध्ये सोडून. सगळं फुकट. कुणी शाबासकी दिली तर दिली.

मीही त्यांतलीच. ओपोल्यात मी दातांच्या कवळ्या बनवते आणि घरी आल्यावर ओल्ब्राख्तचं बोलणं लिहिते. ओल्ब्राख्त म्हणजे माझा सोबती, खानदानी सरदार. तो लोकांपुढं आला आणि थोड्याच दिवसांत मला एका अनोळखी माणसाचा निरोप आला. "पोरी, तुझा सरदार गुणी आहे, पण जिभेला खळ लावल्यासारखा बोलतो. माझ्या मिर्वाशी त्याची गाठ घालून दे. सरळ करील ती त्याला."

मिर्वा ही काकांची सोबतीण. लष्करातली सैपाकीण, वय झालेली. एका हातानं जखम बांधायची आणि दुसऱ्या हातानं पाठीत धपाटा घालायची. राक्षस मेला की पहिलं वाक्य, "पाय पुसून आत या." कुणी कण्हायला लागला की, "रडायचंय ना? रड. पण आधी गिळून घे, गार होतंय." आणि उठता बसता, "मी आहे म्हणून चाललंय तुमचं!" लोक तिच्यावर फिदा होते. खोलीत चार माणसं असली तर तोंड न उघडणाऱ्या माणसानं ही एवढी बडबडी बाई कुठून आणली, याचं मला नेहमी नवल वाटायचं.

आता आमच्यातला एक रिवाज सांगायला हवा, कारण सगळं भांडण त्यावरच आहे. दोन वेगवेगळ्या माणसांचे सोबती एकाच टोळीत आले, तर ते एकमेकांशी मुक्यासारखे वागतात. त्यांनी बोलावं असं वाटत असेल, तर दोघांनी मिळून लिहायचं. पण प्रत्येकानं फक्त आपल्याच माणसाचं बोलायचं. दुसऱ्याच्या माणसाच्या तोंडी आपला शब्द घालायचा नाही, एक सुद्धा नाही. मी ओल्ब्राख्तचं वाक्य लिहून पाठवायचे, काका मिर्वाचं लिहून परत धाडायचे. वर्षानुवर्षं असं चाललं. गेममध्ये ती दोघं भांडली, रुसली, एकमेकांच्या आजारपणात जागली. मधूनमधून मी आगगाडीनं झाब्झ्याला जायचे. काकू मटणाच्या गुंडाळ्या नि बटाट्याचे गोळे वाढायच्या आणि म्हणायच्या, "घे गं, अजून घे. ह्याच्या डब्याच्या नादी लागून हडकलीयस नुसती." डबा म्हणजे कॉम्प्युटर. त्यात त्यांनी एकदाही डोकावून पाहिलं नव्हतं.

शेवटचं संभाषण तेवढं राहिलं होतं. मोठ्या लढाईच्या आदल्या संध्याकाळी सगळे शेकोटीपाशी बसलेत आणि माझा सरदार विचारतो, "मिर्वा, इतकी वर्षं आम्हाला सगळ्यांना ओढत आणलंस. तू का राहिलीस?"

मी ते पाठवलं. काकांचा निरोप आला, "भारी विचारलंस. उत्तर डोक्यात तयार आहे. ह्या एका वाक्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता. रविवारी पाठवतो."

रविवार आला, उत्तर आलं नाही. काकूंचा फोन आला. काकांना झटका आला होता.

जिवावरचं टळलं, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे त्यांना सगळं कळायचं, पण शब्द सापडायचा नाही, आणि लिहायला बसवलं तर अक्षरही सापडायचं नाही. एकच शब्द शिल्लक राहिला, "अगं." पाणी हवं असलं तरी अगं, खिडकी लावायची असली तरी अगं. काकू त्यावरून बरोबर ओळखायच्या. पण मिर्वाचं उत्तर आत अडकून पडलं होतं, आणि मी गेले की काका आधी माझ्या पिशवीकडं बघायचे, लॅपटॉप आणलाय का म्हणून. ते बघवायचं नाही हो.

शेवटी मी एक युक्ती काढली. उत्तरं तीन लिहून नेली. गेममध्ये असतातच की, एक, दोन, तीन, निवडा. म्हटलं, मी वाचते, काकांनी मान हलवायची. म्हणजे शब्द माझे असले तरी निवड त्यांची. पहिलं वाचलं. "मी शब्द दिला होता." मान नाही. दुसरं वाचलं. "तुम्ही माझी माणसं आहात." नाही. तिसऱ्यात मी विनोद केला होता. "स्वयंपाक कुणी केला असता?" तर काकांनी डाव्या हातानं लॅपटॉप असा ढकलला की कॉम्पोटचा, म्हणजे फळं उकळून केलेल्या सरबताचा, पेला लवंडून सगळं टेबलावर. आणि "अगं! अगं! अगं!"

काकू फडकं घेऊन धावत आल्या. "काय वाचून दाखवतेस गं त्याला? छळतेस कशाला आजारी माणसाला?"

माझंही डोकं तापलेलं. म्हटलं, "छळत नाही काकू. मिर्वाचं एक उत्तर राहिलंय."

"कोण ही भवानी?"

तेव्हा मी मिर्वाचं जुनं बोलणं वाचून दाखवायला लागले. पाय पुसून आत या. आधी गिळून घे. काकू पुसता पुसता थांबल्या. "मी आहे म्हणून चाललंय तुमचं" वाचलं, आणि त्यांनी फडकं टेबलावर आपटलं.

"हे तर माझं आहे!" काकांकडं वळल्या. "गेरार्द! माझी कटकट जगाला ऐकवलीस? म्हणून तो माइक घेऊन माझ्या मागं लागला होतास, चार वाक्यं बोल म्हणून? मी म्हटलं, मला काय उद्योग नाहीत, तर चर्चमधल्या त्या गाणाऱ्या बाईला नेऊन बसवलंस!"

काकांनी मान खाली घातली. मला मेलीला आजवर हे कळलं नव्हतं. एवढ्यांदा त्या घरात जेवले, कान कुठं होते माझे?

काकू खुर्चीत टेकल्या. जरा वेळानं आवाज खाली आला. "आणि तिला विचारलंय काय?"

मी सांगितलं. इतकी वर्षं सगळ्यांना ओढत आणलंस, तू का राहिलीस.

काकू स्क्रीनकडं बघतच नव्हत्या. काकांकडं बघत होत्या. म्हणाल्या, "का राहिले? जायचं कुठं होतं मला? राहतेस का असं कुणी विचारलंच नाही. सकाळ झाली की उठायचे, एवढंच. आवडायचास तू मला, ते खरं. पण दमलेय रे मी. आत्ता नाही, आधीपासूनच. तुला दिसत नव्हतं का? फार दमलेय मी, गेरार्द."

काका रडायला लागले. तोंडाच्या एका बाजूनंच रडता येत होतं त्यांना. "अगं," म्हणाले, "अगं..." आणि डाव्या हातानं लॅपटॉप ओढून काकूंसमोर सरकवला. मिर्वाची मोकळी ओळ होती, तिच्यावर बोट ठेवलं.

"हेच घालू, काका?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवली.

मी काकूंचं बोलणं लिहून काढलं. फक्त गेरार्दच्या जागी ओल्ब्राख्त केलं. बाकी एका शब्दालाही हात लावला नाही.

काका फेब्रुवारीत गेले. संभाषण मी उन्हाळ्यात लोकांना दिलं, आणि बोंबाबोंब सुरू झाली. मिर्वा असं बोलणारच नाही. मिर्वा कधी दमत नाही. म्हातारा गेल्यावर या बाईनं रिवाज मोडला आणि आपलंच रडगाणं घुसडलं. एकानं तर तेवढी ओळ काढून टाकायची फाईलच बनवली, आणि लोक धडाधड ती उतरवून घेतायत.

माझ्या अंगाची लाही झाली. तशीच झाब्झ्याला गेले. म्हटलं, काकूंची परवानगी घेते आणि खरी मिर्वा कोण ते एकदाचं सांगून या सगळ्यांची तोंडं बंद करते. काकू बटाटे सोलत होत्या. मी बराच वेळ तणतण केली, त्यांनी ऐकून घेतली.

"म्हणतात काय नेमकं?"

"म्हणतात, मिर्वा असं कधी बोललीच नाही."

काकूंनी हातातला बटाटा पातेल्यात टाकला. "मग खोटं काय आहे त्यात? नव्हतेच बोलले मी कधी," त्या म्हणाल्या. "एकदाच बोलले, आणि तेव्हा त्याला उत्तर देता येत नव्हतं."