बोलक्या भिंती, मुकी पोरं

माझी मावशी मुख्याध्यापिका झाली, तेव्हा शाळेची एकही भिंत रिकामी नव्हती. शिक्षक दुपारभर कात्री, डिंक आणि रंगीत कागद घेऊन तक्ते करत बसायचे. तपासणीला येणाऱ्या साहेबांना बोलक्या भिंती आवडत.

एकदा ती सहावीच्या वर्गात गेली. अपूर्णांकांच्या देखण्या तक्त्याखाली बसलेल्या मुलीला तिनं विचारलं, "एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?"

"चतुर्थांश. चार मोठे ना, बाई!" सगळ्या वर्गानं माना डोलावल्या.

तक्ता करणारे गणिताचे गुरुजी खाली बघत राहिले. मावशी त्यांना रागावली नाही. शिक्षकांच्या खोलीत येऊन म्हणाली, "भिंती बोलतात, पोरं मुकी. आजपासून तक्ते बंद. तो वेळ दोघादोघांनी एकत्र बसायचं. पोरं आज कुठं अडली आणि उद्या ते कसं शिकवायचं, एवढंच बोलायचं."

"आणि साहेब आले तर?"

"साहेबांचं मी बघते."

गुरुजींनी दुसऱ्या दिवशी कागदाच्या पट्ट्या वाटल्या. मुलांनी घड्या घातल्या, पट्ट्या फाडल्या, भांडणं केली आणि शेवटी पटवून घेतलं, की वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो.

साहेब आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "शाळा अगदी भुंडी दिसतेय, बाई."

"भिंतींची परीक्षा घ्यायला आलात का? पोरं समोर बसलीत. त्यांना विचारा."

साहेबांनी काहीच विचारलं नाही. महिन्याभरात मावशीची खुर्ची गेली आणि तिच्या हाती त्याच शाळेत पुन्हा पहिलीचा वर्ग आला.

काका घरी चिडले. "काय मिळालं पाण्यात राहून माशाशी वैर करून?"

"पहिलीचा वर्ग मिळाला," मावशी भाजी चिरता चिरता म्हणाली. "आणि माफी मागायला सांगाल, तर ती मी मागणार नाही."

त्या रात्री ती नीट जेवली नाही, हेही खरं.

नव्या मुख्याध्यापकांनी आल्या आल्या रंगीत कागदांचे गठ्ठे मागवले. खोलीत कुणी हात लावेना. एरवी तोंडातून शब्द न काढणारे गणिताचे गुरुजी उठले. "सर, या वेळेला आम्ही उद्याच्या तासाचं बोलतो. कागद कपाटात ठेवू का?"

सरांनी सगळ्यांकडे पाहिलं. कुणीच नजर खाली घेतली नाही.

"ठेवा," ते म्हणाले.

मावशीनं आपली खुर्ची गुरुजींच्या शेजारी ओढली. "हं, बोला. आज कोण अडलं?"