अँगल वरच्या दोनच थरांत होते

मी गवंडी. वडवणीच्या आसपासची बरीच घरं माझ्या हातची. धाकट्या बहिणीचं दोन खोल्यांचं घरही मीच बांधलं, विटांचं, वर पत्रे.

वैशाखातल्या एका दुपारी तिच्याकडे जेवायला बसलो होतो. पश्चिमेकडून धूळ उठली. वावटळ नेहमीचीच, म्हणून मी उठलो नाही. पण आवाज वाढत गेला तसं तिला दार लावायला सांगितलं. तिनं लावलं, आणि लगेच म्हणाली, "दादा, करडं भाईरच हायेत." तिनं कडी काढली.

दार तिच्या हातातून सुटून भिंतीवर आपटलं. वारा आत घुसला, माझ्या कानांत दडे बसले. वर पाहिलं तर भिंत आणि पत्रा यांच्यामधून उजेड दिसत होता. बघता बघता अख्खं छप्पर लोखंडी अँगलसकट उचललं गेलं. वरच्या विटा निखळून आत पडल्या, एक बहिणीच्या खांद्यावर. ती मटकन खाली बसली.

मग एकदम शांत. डोक्यावर आभाळ, ताटात माती.

छप्पर मोकळ्या रानात उलटं पडलं होतं. पत्र्याचा एकही बोल्ट सुटला नव्हता. अँगलच्या टोकांना मात्र माझ्याच हातचं सिमेंट चिकटलेलं, विटांसकट. अँगल मी विटांच्या वरच्या दोन थरांतच बसवले होते. छपराचा भार खाली येतो एवढंच मला माहीत. वारा आत शिरला की छप्पर वर उचललं जातं, हे इतक्या वर्षांत कधी डोक्यातच आलं नाही.

शेजारच्या म्हाताऱ्या मेंढपाळाचं शेड जागेवर होतं. त्यानं प्रत्येक अँगल जाड तारेनं जमिनीत पुरलेल्या धोंड्याला आवळला होता.

"तुमी खाली बांदलं न्हवतं का?" त्यानं साधंच विचारलं. मी बहिणीला दवाखान्यात न्यायला वळलो.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात कळलं, तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलंय. बहीण म्हणाली, "तुजा काय दोस? वारंच लई होतं."

"म्हाताऱ्याच्या शेडवरूनबी तेच गेलं," मी म्हणालो.

आता तिच्या भिंतींवर काँक्रीटचा पट्टा आहे, त्यात अडकवलेल्या गजांना अँगल जखडलेत. मी बांधलेल्या बाकीच्या घरी एकेक करून जातो, तिथलेही अँगल जखडून देतो. परवा एका घरमालकानं विचारलं, "आदी कावून न्हाई केलं?" मला ठाऊकच नव्हतं, हे खरं तेच सांगितलं. तो शिडी आणायला आत गेला.