आखाजीआधीचा ग्लास
मिक्सरमधल्या आंब्याच्या गराचा वास आला की लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवतो. अक्षय्य तृतीया, सासरच्या बोलीत आखाजी, आठवड्यावर होती. नाशकातल्या त्या रणरणत्या दुपारी मी गरात जिन, पुदिना, बर्फ घालत होते, तेवढ्यात सासूबाई कडाडल्या, "आखाजीला पितरांना दाखवल्याशिवाय आपण आंबा खात नाही, आणि तू दारूत कालवतेस?" मी पहिला ग्लास उचलून सासऱ्यांच्या हार घातलेल्या फोटोसमोर ठेवला. "घ्या, दाखवला. बाबा रोज गच्चीत प्यायचे, तेव्हा त्यांना कोणी अडवलं होतं?" त्यांनी फोटोवरचा हार सरळ केला. मग "नैवेद्य टाकायचा नसतो," म्हणत त्यांनीच तो संपवला. यंदा भिंतीवर दोन फोटो आहेत. "वहिनी, निदान आईपुढे तरी नको," नणंद म्हणाली. मी सासूबाईंचाच ग्लास आधी भरला.