कागदावरचं सांगू, का तसं?

त्याला वय विचारलं की तो आधी डावा कान खाजवायचा. मग विचारणारा मराठीच आहे ना, याची खात्री करून घ्यायचा आणि हळूच म्हणायचा, "कागदावरचं सांगू, का तसं?"

कागदावर तो तेवीस वर्षांचा होता. तसं सव्वीस. त्याची धाकटी बहीण मात्र बिचारी दोन्हीकडे चोवीसच. म्हणजे घरात ती धाकटी आणि सरकारदरबारी थोरली. आपल्या देशात असले चमत्कार होतात आणि कुणाला ते चमत्कार वाटतही नाहीत.

तो कबड्डीपटू, सांगलीकडचा. जयपूरच्या एका व्यावसायिक संघानं त्याला तरुण खेळाडूंच्या गटात घेतलं होतं. राजा पार्कातल्या आमच्या गल्लीत, बरोबर आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर, तो बहिणीसह भाड्यानं राहायचा. बहीण सीतापुऱ्याला कपड्यांच्या कारखान्यात नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात याचं खाणंपिणं बघायची. मी विमा कंपनीतला बदलीवाला अधिकारी, मूळचा साताऱ्याचा. अख्ख्या गल्लीत मराठी बिऱ्हाडं दोनच, त्यामुळे आमच्या घरच्या पिठलं-भाकरीवर त्याचा हक्क आपोआपच लागू झाला. तो खायला बसला की माझी बायको कौतुकानं आणि मी काळजीनं बघायचो.

वय कमी कसं झालं, हे त्यानं पहिल्याच जेवणात सांगून टाकलं होतं. एका दुसऱ्या शाळेच्या चौदा वर्षांखालच्या संघात चढाईला कुणी धड पोरगा नव्हता. हा होता, पण पंधराचा. तिथल्या क्रीडाशिक्षकांनी वडिलांना बोलावलं आणि त्या शाळेत नाव घालताना दोघांनी चहा पिता पिता पोराच्या आयुष्यातली तीन वर्षं गिळून टाकली. पोराला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

तुम्ही लगेच नाक मुरडू नका. माझा जन्म भाद्रपदातला, पण गुरुजींनी तो एक जूनला करून टाकला. माझ्या पिढीतली निम्मी माणसं एक जूनला जन्मली आहेत. आमच्या कचेरीत मे महिनाअखेर निरोपसमारंभांची अशी रांग लागते की पुष्पगुच्छवाला आम्हाला घाऊक भाव देतो. आमच्या हाडांची तपासणी करायला कुणी आलं नाही. आम्ही साहेब ना. पळणाऱ्या माणसाचंच वय लोकांना खुपतं.

पायात एवढी ताकद आली कुठून, असं विचारलं की तो बहिणीकडे बोट दाखवायचा. आई लवकर गेलेली. वडील साखर कारखान्यात पाळीवर. शाळा ओढ्यापलीकडे, आणि ही बया पाण्याला भ्यायची. मग हा तिला रोज पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडायचा. "अंगानं माझ्याएवढीच होती काकू. वर माझे केस धरायची. तिथनंच तयारी झाली माझी." बहीण म्हणायची, खोटं आहे, मी कधी केस धरले नाहीत. बाकीचं ती कबूल करायची. ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली की ओढ्याला पाणी किती होतं ते मीसुद्धा सांगू शकलो असतो. पण सांगताना त्याचा चेहरा असा काही फुलायचा की आम्ही दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकायचो. चषक, पदकं यांबद्दल तो एवढ्या अभिमानानं कधी बोलला नाही.

घोटाळा झाला तो एका शब्दानं. संघाच्या सरावाच्या सामन्याला बहीण गेली होती. मागून एक आडदांड पकड करायला येतोय हे बघून ती जीव खाऊन ओरडली, "दादा, मागं बघ!" हा सुटला. पण जयपुरात दादा म्हणजे बापाचा बाप. सगळा संघ खो खो हसला, आणि त्या दिवसापासून तो दादाजी झाला. त्याच्यासाठी खुर्ची आणली जाऊ लागली. "दादाजी, घुटने कैसे हैं?" अशी रोज विचारपूस होऊ लागली. तोही हसायचा. हसण्यावारी न्यायला त्याची हरकत नव्हती, पण विनोद जरा जास्तच वेळ चालला की त्यातून कुणाला तरी कल्पना सुचते.

ती सुचली एका जुन्या चढाईपटूला, ज्याची जागा यानं घेतली होती. हे गृहस्थ कागदावर चोवीस वर्षांचे. त्यांची मुलगी पाचवीत. त्यांनी खेळातल्या सचोटीबद्दल अतिशय कळकळीची तक्रार केली की हा मुलगा वय चोरतो आणि त्याची सख्खी बहीणच त्याला आजोबा म्हणते.

आता मात्र आमच्या दोन्ही मजल्यांवरचं हसू आटलं. तक्रार खरी ठरली तर करार जाणार होता, वर खेळायला बंदी. आणि त्याला कबड्डीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. तो आमच्याकडे येऊन नुसता बसायचा. भाकरी दोनावर आली. बहिणीनं मनाशी ठरवलं की आपल्या तोंडून बिघडलं, ते आपल्याच तोंडून निस्तरायचं. ती त्याला नावानं हाक मारायची सवय करू लागली. वरच्या जिन्यावरून ते नाव ऐकू यायचं, अडखळत, आणि पाठोपाठ जीभ चावल्यासारखी शांतता.

संघानं चौकशीला पाठवलेले गृहस्थ फार सभ्य होते. बूट दारात काढले, पाणी मागून घेतलं. मराठी कळणारा शेजारी म्हणून मलाही वर बोलावलं होतं. त्यांनी पहिला प्रश्न मलाच केला, की आपके यहाँ दादा का मतलब क्या होता है?

मी एक जूनला जन्मलेला माणूस. खरं बोलण्याची जबाबदारी माझ्यावर आलेली बघून मला भरून आलं. मी सांगितलं की आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालासुद्धा आई दादा म्हणते. दादा दूध पी, दादा गाई गाई कर. यात खोटं एक अक्षर नव्हतं. ते मनापासून हसले. त्यांच्याकडे नातवाला लाडानं बाबूजी म्हणतात म्हणे. प्रकरण तिथंच मिटलं होतं. त्यांनी पेनाला टोपणसुद्धा लावलं.

तेवढ्यात बहीण चहा घेऊन आली. तिनं त्याला नावानं हाक मारून कप दिला. स्पष्ट, न अडखळता. मला तिचं कौतुक वाटलं. पण तिला तेवढ्यावर थांबवेना. तयारी फार झाली होती ना. छोटा भाई है मेरा, ती म्हणाली. माँ नहीं थी, मैंने ही बड़ा किया. मग तिनं तोच ओढा काढला. तेच पाणी, तीच शाळा. "मैं इसको पीठ पर बिठाकर ले जाती थी, भैया. रोज."

त्यानं कप खाली ठेवला. कान खाजवला नाही.

"उलटं आहे," तो म्हणाला. मराठीतच म्हणाला, मग गृहस्थांकडे वळून हिंदीत, "उल्टा है साहब. मैं ले जाता था इसको. दादा हूँ मैं इसका. बड़ा भाई. छब्बीस का हूँ."

गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. ते भले माणूस होते. मैंने ठीक से सुना नहीं, असं म्हणून त्यांनी त्याला वाट करून दिली. त्यानं तेच पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं.

ते गेल्यावर बहीण भिंतीला टेकून रडत बसली. मला त्याचा भयंकर राग आला होता. अरे, एक कप चहा पिऊन होईपर्यंत गप्प बसायला काय झालं होतं तुला, असं मी त्याला बोललोसुद्धा. तो म्हणाला, "काका, वर्षं नेली तेव्हा मी काही बोललो नाही. पण हिला मी उचललेलं आहे. ते कसं देऊ?"

करार गेला. दोन हंगामांची बंदी आली. पाचवीतल्या मुलीच्या चोवीस वर्षांच्या वडिलांना त्यांची जागा परत मिळाली आणि खेळातली सचोटी वाचली. सांगलीची गाडी पकडायच्या दिवशी त्यानं माझ्या बायकोला वाकून नमस्कार केला. ती त्याला आयुष्मान हो म्हणाली, आणि मग दोघंही उगीचच हसले. वरच्या मजल्यावर आता संगणकवाली तीन पोरं राहतात. ती भाकरी खात नाहीत.

बंदीचा काळ आता संपलाय, पण त्याला कुणी बोलावलेलं नाही. गावातल्या पोरांना तो चढाई शिकवतो. परवा त्याला फोन केला आणि गंमत म्हणून विचारलं, काय रे, वय किती झालं तुझं?

"एकोणतीस," तो म्हणाला. कागदावरचं का तसं, हे विचारलंच नाही त्यानं. मागून बहिणीनं हाक मारली, दादा, जेवायला ये, ताट वाढलंय. मला थांब म्हणायचंही न सुचून तो "आलो" म्हणाला आणि गेला.