चाचांचा बर्फ

मी मासळीबाजारातला बर्फ घेऊन भोरला मुलगी बघायला गेलो. तेही शाकाहारी घरात. गाढवपणा माझाच, पण तो इतक्या थाटात करायला लावणारा माणूस अख्ख्या महाडात एकच होता, आमच्या भांड्यांच्या दुकानासमोर गॅरेज चालवणारे चाचा.

चाचा ऐन उमेदीची वर्षं कुवेतला गाड्या दुरुस्त करून परतले, ते जगाचे दोन भाग करूनच: वाऱ्यानं थंड होणारे आणि पाण्यानं थंड होणारे. इंजिनापासून जावयापर्यंत सगळे त्यात बसत. "तुझा बाप वॉटर कूल्ड," ते मला सांगत, "तापाय वेळ, निवाय पन वेळ. तू एअर कूल्ड हायस. वारा थांबला का तू बंद." स्वतः ते कट्टर पाणीपक्षाचे. डोक्यावर बारमाही ओला टॉवेल. आपल्या लुनाला ते दुपारी म्हशीसारखी आंघोळ घालत. एकदा गल्लीत दोघे भाऊ भांडत होते, तर चाचांनी दोघांच्या डोक्यावर तांब्या उपडा केला आणि "रेडिएटर उकळला होता" म्हणून निघून गेले. भांडण तिथंच मिटलं. दोघे भाऊ मिळून चाचांच्या मागे धावले.

त्या सुमारास मी जुनी टर्बोवाली डिझेल जीप घेतली. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, कोंबलेली हवा तापते आणि चढावर गाडीचा दम जातो. म्हणून ती हवा निववायला मध्ये इंटरकूलर लावतात. वाऱ्याचा लावायचा की पाण्याचा, एवढाच प्रश्न होता. पोलादपूरचा फिटर म्हणाला, "वाऱ्याचा लावा, जाळीमागं बसवा नि विसरून जा."

चाचा उसळले. "वरंधच्या घाटात गाडी चढते बैलगाडीसारखी. वारा काय तुझा सासरा घालनार हाय, पंखा घेऊन?"

सासरा अजून मिळायचा होता, त्यामुळे मुद्दा मला बिनतोड वाटला. आधीच्या सगळ्या स्थळांनी मला पाहून नकार कळवला होता. भोरचं हे स्थळ आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातापाया पडून जमवलेलं. निदान गाडी तरी दारात रुबाबात थांबावी, एवढीच माझी इच्छा.

आमच्याच दुकानातलं स्टीलचं पिंप जीपमध्ये मागे बसलं. त्यात बर्फाचं पाणी, ते फिरवायला छोटी मोटर. नेमकी निघायच्या दिवशी बर्फाच्या कारखान्यात वीज नव्हती. चाचा मासळीबाजारातून पाटी भरून आले. "बर्फ तो बर्फ. बांगड्याखालचा काय नि आईस्क्रीमखालचा काय!"

घाट सुरू झाला आणि जीप अशी सुटली की आप्पांनी टोपी धरली. "बघ! बघ!" मागे पिंपाला धरून बसलेले चाचा ओरडत होते. मग बर्फ वितळला, पाणी कोमट झालं, जीप धापा टाकू लागली. एका वळणावर पिंपाचं झाकण उडालं आणि सगळं पाणी माझ्या पाठीवर आलं. त्या झाकणाची हमी मी गिऱ्हाइकांना रोज देत असे.

भोरला मुलीच्या वडिलांनी सगळ्या खिडक्या उघडल्या. आप्पा फरशीकडे बघत बसले. मी शर्टाचं टोक पिळत होतो. चाचा मात्र उभे राहिले. "वास पोराचा नाय, इंटरकूलरचा हाय," असं जाहीर करून त्यांनी पोह्यांच्या बश्यांचं इंजिन मांडलं आणि वाऱ्याचा नि पाण्याचा फरक समजावला. पाण्याचा ग्लास हातात घेऊन मुलगी खाली मान घालून हसत होती. आठवड्याभरात होकार आला.

पुढे मी जीपला गुपचूप वाऱ्याचा कूलर लावला. चाचांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पण लग्नात "माझ्या बर्फानं जमवलं" असं पंगतीपंगतीत सांगत फिरले.

काही वर्षांनी चाचा कायमचे पनवेलला, मुलाकडे निघाले. गॅरेजचं शटर ओढून आमच्या दुकानात टेकले. खांद्यावर टॉवेल होता, पण कोरडा.  मग माझ्या बायकोला म्हणाले, "काय गो, खरं सांग. माज्या बर्फानंच जमलं ना?"

तिनं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "बर्फानं नाही चाचा, तुमच्यामुळे. एवढं बोलणारं माणूस समोरच राहतंय म्हटल्यावर वाटलं, ह्यांच्याशी मला बोलायची वेळच येणार नाही."