डाव्या कानातलं गाणं

गल्लीत त्यांना सगळे कानसेन म्हणायचे. शिलाई मशीन दुरुस्त करायला गेले की ते आधी पेचकस काढत नसत. खुर्ची ओढून, डोळे मिटून बसत आणि म्हणत, "चालवा." मशीन खडखडायला लागलं की मान तिरकी करून ऐकत. मग निदान यायचं, "आतलं चाक घासतंय," नाहीतर, "काही झालेलं नाही हिला, तेल पाजा." गुडघ्यांनी दगा दिला म्हणून दुकान बंद केलं, कान मात्र शाबूत आहेत, हे ते येईल त्याला ऐकवत.

म्हणूनच स्टिरिओच्या हेडफोनमधून डाव्या बाजूला गाणं येईनासं झालं, तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला.

"सॉकेटमध्ये घाण असेल," ते म्हणाले. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून सॉकेट पुसलं. पिन बाहीला घासली, आत घालून गोल फिरवली. डावीकडे सामसूम. स्टिरिओचं झाकण उघडून सॉकेटच्या तारांना नव्याने कथलाचे डाग दिले. तरी तेच. जेवणाच्या टेबलावर स्क्रू आणि तारांचा पसारा, आणि बायको आठवडाभर ताट मांडीवर घेऊन जेवतेय.

शेवटी मटार सोलता सोलता ती म्हणाली, "अहो, हेडफोन उलटा घालून बघा ना. डावा उजवीकडे."

"त्यावर डावा-उजवा लिहिलंय ते काय शोभेला?"

"मग शेजारचा मागून आणते."

"काही नको! लोकांच्या वस्तू कशाला?"

तिचे हात थांबले. सुटे भाग अदलाबदल करून दोष हुडकण्यात ज्याची हयात गेली, त्याला एवढी साधी युक्ती सुचली नसेल? सुचली होती. पण उलटा घालूनही डावाच कान गप्प राहिला, तर बिघाड हेडफोनमध्ये नाही, सॉकेटमध्येही नाही, हे उघड होणार होतं. हल्ली डावीकडून हाक मारली की ते ओ देत नसत, हेही तिला आठवलं. तसे उजवीकडूनही ते लग्न झाल्यापासून दुसऱ्या हाकेलाच ओ देत आले होते, त्यामुळे खात्री देता येईना.

ती उठून त्यांच्याजवळ आली. "घाला. मी आहे इथे."

"आणि कानच गेला असेल तर?"

"तर डॉक्टरकडे जाऊ. टेबल तरी रिकामं होईल."

ते हसले नाहीत. हेडफोन उलटा चढवून त्यांनी डोळे मिटले. तिने बटण दाबलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ओठ आधी घट्ट होते, मग हळूहळू सुटले.

"उजवीकडे गप्प आहे," ते म्हणाले. "डाव्या कानात सगळं येतंय. अगं, बासरीवाल्याचा श्वाससुद्धा!"

मग काय, हेडफोन लगेच उघडला गेला. डावा कप जिथे वळतो, तिथेच वायर तुटली होती. "गंमत आहे," ते म्हणाले. "उजवीकडची अगदी नव्यासारखी, आणि ही पार पिळवटून निघालीय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एका खोलीचं घर होतं तेव्हा. पाळण्यात मुलगी, तीही अशी की खुट्ट झालं तरी भोकाड पसरायची. स्पीकर लावायची सोयच नव्हती. मग ते डावा कप बाहेर वळवायचे, ती त्याला कान लावायची आणि गालाला गाल टेकून दोघं ऐकायचे. कॅसेट उलटायला कोणी उठायचं, यावर खाणाखुणांनी भांडायचे. पुढे मुलगी मोठी झाली, खोल्या वाढल्या. तसं शेवटचं कधी बसलो होतो, हे तिला काही केल्या आठवेना.

"म्हणजे वायर माझ्यामुळे तुटली म्हणा की."

"नाहीतर काय! वर्षानुवर्षं पिरगळून घेतलीस."

त्यांनी वायरचा नवा तुकडा कापला, जरा लांबच.

"एवढी लांब कशाला?" तिने विचारलं.

"वळवावा लागेल ना कप," ते डाग देता देता म्हणाले. "आण ती खुर्ची इकडे."