वरचा खण

आमच्या स्वयंपाकघरात जाळीच्या दारांचं लाकडी कपाट होतं. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत. दिवाळीच्या आधी आई घरून मैदा, साखर, डालडा घेऊन औरादच्या बेकरीत जायची. पीठ स्वतः मळायची, भट्टीसमोर उभी राहून नानकटाई भाजून घ्यायची आणि आणून त्या कपाटात ठेवायची. वरचा खण अण्णाचा. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो हैदराबादेत इमारतींच्या कामावर होता, दिवाळीलाच काय तो घरी यायचा. त्याच्या खणाला हात लावला की आई खेकसायची. मी धुसफुसायची. घरात राबायचं मी, आणि अख्खा खण त्याला!

एका दिवाळीला नानकटाई आली आणि मागोमाग जीपमधून अण्णाचं प्रेत आलं. परांचीवरून पडला, एवढंच सोबतच्यांनी सांगितलं.

तेरावं झालं तरी आई रोज सकाळी त्या वाट्या भरायची. मला बघवेना. शेवटी मी ओरडलेच, "आता कुणासाठी पाणी भरायलीस गं?"



दुसऱ्या दिवशी वाट्या कोरड्या होत्या. मुंग्यांची रांग कपाटाच्या पायावरून थेट वरच्या खणात शिरली होती. मी झाडू घेऊन धावले. आईनं माझं मनगट धरलं.

"मारू नको त्यायला," ती म्हणाली. "खाऊ दे. त्याच्या वाट्याचं कुणीतरी खाऊ दे."